गच्चीवरच्या वकीलबाई

जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा. गाझियाबादवरचे धुके अद्याप उठले नव्हते. ॲडव्होकेट कुंदाताई प्रथमच आमच्या घरी आल्या. कागदपत्रांकडे न पाहता त्यांनी विचारले, "काका, मटार आहेत का घरात?"

ज्या मुलावरून खटला, त्याच्यासोबत आधी शेंगा सोलत बसायचे, ही त्यांची पद्धत होती. म्हणत, "आई हवी की बाबा, हे मुलाला कधी विचारू नये. हाताला काम द्यावं. मग मूल आपणहून बोलतं."

माझी कन्या मृणाल नवऱ्याशी बिनसल्यावर आठ वर्षांच्या इराला घेऊन नेदरलँड्सहून आली होती. आपण सुट्टीला आलो आहोत, असे आम्ही इराला सांगितले. मग मुलगी इथे रुळली हे न्यायालयाला दिसावे, म्हणून तिचे नाव इथल्या शाळेत घातले. तिला परत पाठवावे, असा अर्ज तिच्या वडिलांनी उच्च न्यायालयात केला होता.

गच्चीवर शेंगा सोलणाऱ्या कुंदाताई आणि इरा धुक्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या. मी जिन्यात थांबलो. इराचा आवाज फार दुरून यावा तसा येत होता.

"तिकडे आमच्या वर्गात ससा आहे. त्याला घरी न्यायची माझी पाळी होती. सुट्टी कधी संपणार, मावशी?"

"आजोबांना विचारलंस?"

"त्यांची भीती वाटते."

खाली आल्यावर कुंदाताई मृणालला म्हणाल्या, "इराला इथे ठेवून घ्यायचा प्रयत्न करता येईल. पण कोणासाठी?"

"ताई, तुम्ही वकील माझ्या आहात ना?"

"अर्थात! म्हणून तर तू तिच्यासोबत हात हलवत परत जाणार नाहीस. अटी घालून जाशील."

मृणालने दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. नंतर परत जायला तयार झाली. अटी ठरल्या: तिला वेगळे घर, मुलीला पळवून नेल्याची तक्रार मागे, इराला आईवडील दोघांचा सहवास. इराच्या वडिलांनी इथल्या न्यायालयात सारे कबूल केले. तरीही तिथल्या न्यायालयाचा तसाच हुकूम येईपर्यंत कुंदाताईंनी इराला हलू दिले नाही. "समुद्र ओलांडला की शब्द विरघळतात, काका."

निघण्याच्या दिवशी त्या विमानतळावर आल्या. हुकमाची प्रत त्यांनी मृणालच्या पर्समध्ये घातली. "मोठ्या बॅगेत नको. हाताशी असू दे."

काचेपलीकडच्या पांढऱ्या उजेडात इरा लहान लहान होत गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

"चांगलं लक्षण आहे," कुंदाताई म्हणाल्या. मी मान हलवली.

घरी येऊन दूधवाल्याला फोन केला. उद्यापासून एकच पिशवी.