माझा पाय, तिची पाठ

मी पायाळू आहे, आणि यापुढे कोणाच्याही पाठीला पाय लावणार नाही. हे मी नम्रपणे सांगतो. पण कोणी पुन्हा विचारू नये.

जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असे आमच्या आरमोरीकडच्या गावांत मानतात. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर धरलेली माणसे सकाळी उपाशीपोटी आमच्या अंगणात येत, पालथी निजत, आणि मी उजवा पाय तीनदा हलकेच टेकवीत असे. मोबदला कधी घेतला नाही. मिळत होता तो मान. त्याची मला किती गोडी लागली होती, हे फार उशिरा कळले.

माझी मुलगी कबड्डी खेळते. धान निघाल्यावर बांध्यांमध्ये, म्हणजे रिकाम्या भातखाचरांत, मैदाने आखली जातात, तिथे ती दहाव्या वर्षापासून चढाई करत आली. सतराव्या वर्षी तिची कंबर दुखू लागली. मी तिलाही अंगणात पालथे निजवले. एकदा नव्हे, चार महिने, दर शनिवारी. "बरं वाटते का?" असे विचारले की ती म्हणायची, "हो बाबा."

एका शनिवारी ती उठून चालू लागली आणि डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. तिला ते कळलेच नाही. अंगठा वर उचल म्हटले, तर उचलेना.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. कमरेतला एक मणका पुढे सरकून पायाकडे जाणारी नस दाबत होता. आता नुसत्या पट्ट्याने आणि विश्रांतीने भागणार नव्हते. स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडावे लागतील. थांबलो तर पाय लुळा पडू शकतो.

"अन् कबड्डी?" मुलीने विचारले.

"चालशील, बहुतेक धावशीलही. कबड्डीचं वचन मी देणार नाही."

मी खालच्या आवाजात माझ्या पायाची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मणका तुमच्या पायानं सरकलेला नाही. पण चार महिने वाया गेले." पहिल्या वाक्याने मला सोडवले असते, तर मी ते पुनःपुन्हा आठवले असते. मला आठवते ते दुसरे.

निर्णयाला आठ दिवस होते. बातमी ऐकून माझी मोठी बहीण चिमूरहून आली. अंगणात आणखी चार-पाच माणसे जमली.

"काऊन रे, गावभराच्या कमरा सुध्या केल्या तू, अन् घरच्या पोरीले चाकू लावतं?"

"बाई, मी कोणाचीच कंबर सुधी केली नाई. त्या आपोआप बऱ्या झाल्या."

"पाठीत लोखंड असलेली पोरगी कोण करून नेईन?"

खाटेवरून मुलगी म्हणाली, "आत्या, लोखंड पाहून जो पळन, त्याले मी एका चढाईत बाद करीन."

लोक हसले, बहीण हसली नाही. "एक डाव अजून पाय लावून पाह्य. माह्यासमोर."

पन्नाशी उलटेपर्यंत मी चारचौघांत कोणाला नाही म्हटलेले नव्हते. त्या दिवशीही माझा आवाज चढला नाही. "नाई लावत," मी म्हणालो. "तिलेच नाई, आता कोणालेच नाई."

सगळे गेल्यावर मी मुलीला विचारले, माझ्या पायाने कधी बरे वाटले होते का?

"नाई. उलट अजून दुखे. पण सारे पाहत राहत. तुमाले गावासमोर खोटं कसं पाडू?"

चार महिने ती माझा मान सांभाळत होती, स्वतःचा पाय गमावत. मी म्हणालो, "या वेळी तुझ्यासाठी मी ठरवणार नाई. तू सांग."

ती डाव्या पायाकडे पाहत म्हणाली, "कबड्डी मी सोडली नाई, हे लक्षात ठेवा. पण पायच नसन तं चढाई कायची? करा आपरेशन."

वय अठराच्या आत, म्हणून कागदावर सही माझी लागली. प्रत्येक पान आधी तिने वाचले, मग मी सही केली. आत नेताना ती म्हणाली, "बाबा, तुमचा पाय बाहेरच ठेवा बरं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला तिच्या अंगठ्यावर बोट ठेवायला सांगितले आणि तिला म्हणाल्या, "उचल." माझ्या बोटाखाली अंगठा हलला, फार नाही, धानाच्या दाण्याएवढा.

पलंगाशी उभी असलेली बहीण डोळे पुसत म्हणाली, "आतातरी खेळणं बंद कर म्हण तिले."

"बाई, ते तीच सांगन."

मुलीने डोळे उघडले नाहीत. "बोट काढू नका, बाबा," ती म्हणाली. "एक डाव अजून."