पंखा नसलेलं कार्ड

आधी मनगटावरचं घड्याळ काढायचं, माझ्या हातात द्यायचं आणि मग लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकायचं, ही काकांची रीत. टोक कार्डावरच्या चालू पंख्याच्या कडेला, मूठ कानामागच्या हाडाला. "धर गं पोरी. याची टिकटिक मध्ये येते."

माझं वर्तकनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं ग्राफिक्स कार्डाची मेमरी विचारतात, गेम चालतील का विचारतात. कार्डाची नाडी बघणारं गिऱ्हाईक तुम्ही तरी पाहिलंय का? मी पहिल्या दिवशी चक्रावूनच गेले.

काकांनी सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून केली. मोटारीचं बेअरिंग जाणार, हे ते असं कान लावून आठवडाभर आधी सांगायचे म्हणे. आता मुलानं घरी मोठा टीव्ही पाठवला होता. त्याला जुना कॉम्प्युटर जोडून नाटकांची रेकॉर्डिंगं बघायची, तर चित्र अडखळत होतं. म्हणून नवं कार्ड हवं होतं. अट एकच, आवाज नको.

तीन कार्डं लावून दाखवली. पहिलं घरघरतं, दुसरं शिट्टी मारतं. तिसऱ्याला बराच वेळ कान लावून म्हणाले, "हे आत्ता गप्प आहे. उन्हाळ्यात बोलेल."

शेवटी मी पंखाच नसलेलं कार्ड काढलं. नुसत्या धातूच्या पट्ट्या, उष्णता त्यांतूनच बाहेर पडते. वाटलं, सुटले एकदाची! काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला. काढला, पुन्हा लावला. त्यांचा चेहराच पडला.

"यात ऐकायचं काय?"

"काहीच नाही. तेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"अगं, पण बिघडलं तर कळणार कसं? आवाज न करणाऱ्या मशीनवर माझा भरवसा नाय."

आवाज नको, आणि आवाज नाही म्हणूनही नको! मी कपाळाला हात लावला. "काका, एकदा काय ते ठरवा. टीव्ही जरा मोठा केला की पंखा ऐकूसुद्धा येत नाही."

"तो मोठा करायचाच नाय ना," ते म्हणाले, आणि खाली बघत सांगू लागले. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. आवाज अगदी बारीक झाला होता. आणि काकूंना नाटक बघताना अखंड बोलायची सवय. "थेटरात लोक श्श श्श करायचे. मीपण गप्प बस म्हणायचो. आता ती बोलते ते जुन्या कार्डाच्या पंख्यात जातं. दोनदा 'काय?' विचारलं, की गप्पच होते."

माझी सगळी चिडचिड कुठल्या कुठे गेली. शरम वाटली.

बिनपंख्याचं कार्ड बसवायला मी काकांच्या घरी, कळव्याला गेले. नाटक सुरू झालं आणि पलंगावरच्या काकूंचे ओठ हलले. मला एक अक्षर कळलं नाही. काका मात्र मांडीवर थाप मारून हसले. "हिरॉइनच्या साडीला नावं ठेवतेय!"

सात-आठ महिन्यांनी काका दुकानात आले. म्हणाले, "ते कार्ड काढ. पंख्याचं बसव."

"बिघडलं का?"

"नाय. झ्याक चालतंय."

मग काढायचं कशाला? माझा पुन्हा गोंधळ. मी धूळ, उष्णता, सगळं समजावत बसले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणाले, "आणि काका, काकूंचं बोलणं ऐकू येणार नाही मग."

"ती गेली गं, गणपतीच्या आधी," काका म्हणाले. "घरात कान लावायला काय उरलं नाय."

त्याच दुपारी कळव्याला जाऊन कार्ड बदललं. पंखा फिरू लागला तसं काकांनी स्टूल कॉम्प्युटरच्या डब्याजवळ ओढलं. मी विचारलं, "नाटक लावून देऊ?"

"नको," ते म्हणाले. "नुसतं चालू राहू दे."