आधी घ्यायचं, मग पाठवायचं

सुमन गेल्याचं मला फोनवर कळलं, तेही तिच्याच एसटीडी बूथमध्ये. पालघरच्या दवाखान्यातून सकाळी आंघोळीपुरता सरावलीला घरी आलो होतो. बूथ उघडून उदबत्ती लावली आणि घंटी वाजली... त्याला दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला फिटर, लिहिणं माझं काम नव्हे. पण दुसरा कोणी लिहील तर गोड गोड लिहील, म्हणून मीच लिहितो.

सुमन, माझी बायको, सातवी शिकलेली. बोईसरच्या क्लासात पोरींच्या मध्ये बसून कॉम्प्युटर शिकली आणि बूथमध्ये तो मांडला. कारखान्यातले कामगार "भाभी, हमारा मेल आया क्या?" म्हणत दारात उभे राहायचे. मी त्या डब्याला हात लावत नसे. आमचा दिलीप मी लावून दिलेली कायमची नोकरी सोडून मस्कतला गेला, मला न सांगता, तेव्हा मात्र लावला. सुमन दोन दिवस बहिणीकडे कोळगावला गेली होती. मी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत त्याला मराठी पत्र ठोकलं. 'या घरात परत येऊ नकोस.' पाठवायचं बटण दाबलं. जाईना. फोनची वायर तपासली, पिना घासल्या, मोडेम उघडून फुंकला. दर वेळी तीच इंग्रजी पाटी, आणि पत्र आउटबॉक्समध्ये पडलेलं.

सुमन आली, पिशवी न ठेवताच वाकून बघितलं.

"आलेलं टपाल घेतलं?"

"नाय. मला काय करायचीत दिलीपची कारणं?"

"मग कसं जाईल? आपली मेलवाली कंपनी आधी पासवर्ड घेऊन आलेलं टपाल देते, तेवा आपल्याला ओळखते. मग आपलं घेते. अवो, मशीन धड हाय. बिघाड तुमच्यात हाय."

तिनं टपाल घेतलं. दिलीपचं पत्र आलं. 'आई, बाबांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. इथे पाइप जोडतो ते त्यांच्याच पद्धतीनं. ते वेळेवर जेवतात ना?'

"आता तुमचं जाईल. दाबा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. माझं पत्र तिनं वाचलं होतं का, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी ते पुसलं. नवं लिहिलं, 'सुट्टी मिळाली की ये. आई वाट बघते.' क्षणात गेलं. मी वाट बघतो असं लिहायला हवं होतं... ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली, 'आधी घ्यायचं, मग पाठवायचं.' गिऱ्हाइकांसाठी हाय, म्हणाली. गिऱ्हाइकं त्या बटणांना कधी हातही लावत नसत.

दिलीपला अग्नीला पोचता आलं नाही. तेराव्याला संध्याकाळी तो बूथच्या दारात येऊन उभा राहिला. आई गेल्यावर आलास, असं सुनवायचं मी ठरवूनच बसलो होतो. तोंड उघडलं, आणि समोर चिठ्ठीवर तिचं अक्षर.

मी तिचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस. आधी तू बोल."