कडेने दिसलेली वसई

नाशिकहून सकाळी सहाच्या एसटीने निघालो तेव्हा खिडकीच्या जागेसाठी मी कंडक्टरशी भांडलो. जागा मिळाली, पण खिडकीतून धड काही दिसत नव्हतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध शाईचा डाग पडल्यासारखं झालं आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कसारा घाटात शेजारचा प्रवासी म्हणाला, "काय धुकं आहे बघा." मला धुकं कुठलं आणि डोळा कुठला ते कळेना, म्हणून मी नुसतं हं म्हटलं.

डॉक्टरांशी मी सवयीने घासाघीस केली होती. ते म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही." मी म्हणालो, "पूर्ण नको, निम्मी तरी?" ते हसले नाहीत. "उरलेल्या नजरेवर काम कसं चालवायचं ते शिकता येतं. वसईला काही लोक यावर संशोधन करताहेत, तुमच्यासारख्यांना शिकवतातही. चार दिवस जाऊन या."

वसईचं नाव ऐकून माझं तोंड कडू झालं. जायला मात्र हवंच होतं. माल डोळ्याने पारखता आला नाही तर माझ्यासारख्याने दुकानात बसून करायचं काय?

मी हातगाडीवर खजूर विकून सुरुवात केली. पुढे सुक्या मेव्याचं दुकान झालं, आणि त्या दुकानाला नाव मिळवून दिलं ते वसईच्या सुकेळ्यांनी (पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती). देणारा पास्कोल, आगाशीच्या पुढचा बागायतदार. वीस वर्षं त्याचा माल मी न उघडता घेतला. सात वर्षांपूर्वी एका खेपेला पुडे सोडले तर मधाच्या रंगाच्या सुकेळ्यांमध्ये काळी पडलेलीही बांधलेली. पुढच्या खेपेलाही तेच. त्यानंतर त्याच्या मुलीचं लग्न आलं. मी पितळेचा हंडा घेऊन नाशिकहून गेलो. चर्चच्या दारात तो पाहुण्यांना हात जोडत होता. मी समोर उभा राहिलो, तर त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि माझ्यामागच्या माणसाला हात जोडले. हंडा मी तिथेच पायरीवर ठेवला आणि न जेवता परतलो. माझा एक नियम होता: जो डोळ्याला डोळा देत नाही, त्याच्या मालात खोट असते. मी माल बंद केला, आणि चार व्यापाऱ्यांना सांगितलं, त्याचा पुडा सोडून बघत जा.

बायको तेव्हापासून म्हणत आली, "एक फोन करून विचारा तरी." मी कधी केला नाही.

भिवंडीला कंटेनरच्या रांगेत तासभर गेला. कामण, चिंचोटी मागे पडलं आणि दुपारी वसईत उतरलो. माणिकपूरच्या बाजारात एक बाई दुकानाबाहेर उभी दिसली. मी विचारलं, "बाई, डोळ्यांचं शिकवतात तो दवाखाना कुठे?" ती बोलेना. मी जरा आवाज चढवून परत विचारलं. मागून एक भाजीवाली म्हणाली, "काका, ती नाय बोलणार. साडी नेसवलेला पुतळाय तो. मला विचारा."

तिने हाताला धरून जिन्यापर्यंत सोडलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी कठडा न धरता जिना चढलो.

वर एक तरुण मॅडम होत्या. मी दारातूनच सुरुवात केली. "चार दिवसांत किती फरक पडेल ते आधी सांगा. दोन दिवसांत होत असेल तर मी दोनच दिवस राहणार." बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडमनी शांतपणे आत बसवलं. दार उघडंच होतं. त्या एकेक प्रश्न विचारून लिहून घेऊ लागल्या. औषधाची बाटली ओळखता येते का? चहा कपाबाहेर सांडतो का? रस्ता कुणाबरोबर ओलांडता? मी भराभर उत्तरं देत होतो. मग त्यांनी विचारलं, "चेहरा ओळखू आला नाही, म्हणून कुणाशी संबंध तुटले का?"

"माझ्याकडून नाही तुटले," मी म्हणालो. "इथल्याच एकाने माझ्याशी तोडले." आणि सात वर्षांचं सगळं त्यांच्यासमोर ओतलं. काळी सुकेळी, हंडा, चर्चचं दार. आवाज चढला असणार.

त्यांचं लिहिणं थांबलं. "त्यांची नजर नेमकी कुठे होती, काका?"

"सांगितलं ना. माझ्या खांद्यावरून मागे."

"आणि त्याआधी माल निवडताना चुका व्हायला लागल्या होत्या?"

"चुका नाही. लबाडी."

त्या उठून बाहेर गेल्या आणि एका माणसाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे काका नव्या लोकांना शिकवायला येतात. त्यांनाही तुमच्यासारखंच आहे." तो माणूस माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसला. पांढरा सदरा दिसला. सदऱ्याच्या वर डाग.

"चेहऱ्याकडे बघू नका," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या डोक्याच्या उजवीकडे भिंतीवर घड्याळ आहे. नजर तिथे ठेवा. चेहरा कडेने येईल. घाई नको."

मी घड्याळाकडे बघितलं. आधी काहीच नाही. नजर जरा वर, जरा खाली केली. मग कडेला एक कान आला, पांढरी मिशी आली, आणि डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रण. नारळाची झावळी पडून झालेला तो व्रण मला माहीत होता. मी पुन्हा त्याच्याकडे सरळ बघितलं, तसा पास्कोल पुसला गेला.

"दिसलो काय रे, नाशिककर?" तो म्हणाला.

मी परत घड्याळाकडे नजर नेली. तोच बोलला. "दारात किती दिवसांत, किती फरक म्हणालास, तेव्हाच ओळखलं. डॉक्टरशी भाव करणारा दुसरा कोण असणार? मग गप्प बसलो. म्हटलं, हा मला ओळखतो का बघू."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मलाच कुठे कळलेलं तेव्हा? चष्मा बदलला की होईल, असंच म्हणत होतो. आणि तू विचारलंस कुठे? तू नेहमी भाव विचारलास."

मॅडम मघाचा कागद चाळत होत्या. त्यांनी सांगितलं, तो संबंध तुटण्याचा प्रश्न यादीत आधी नव्हता. पास्कोलनेच घालायला लावला होता.

दुसऱ्या दिवशीचा सराव संपल्यावर पास्कोल मला रिक्षाने घरी घेऊन गेला. त्याची बायको नाताल दारातच म्हणाली, "या. हंडा अजून आहे. त्यात आम्ही पाणी भरतो." मग ती नवऱ्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली. ती बोली मला वीस वर्षांत कधी कळली नाही. दोघं हसली. मी का हसता ते विचारलं नाही. जेवायला बोंबलाचं कालवण आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) होते. लग्नाच्या दिवशीही हेच होतं म्हणे.

जेवणानंतर तो मला खळ्यात घेऊन गेला. सुकेळी वाळवायचे मांडव गेले होते. राजेळीची बागही नव्हती. त्या जागी मोगऱ्याची रोपं होती, ती मुलगा आणि सून बघतात.

"केळी कधी काढलीस?"

"तू बंद केल्यावर दोन वर्षं धरली. मग बाकीचेही पुडा सोडून बघायला लागले. सोडून बघितल्यावर काळं सापडायचंच. मला दिसत नव्हतं, नातालला वेळ नव्हता."

ते बाकीचे कुणाच्या सांगण्यावरून बघायला लागले ते त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी सांगितलं. तो थोडा वेळ मोगऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. म्हणजे माझ्याकडे बघत होता.

"आम्ही सुकेळी निवडायचो कशावर, आठवतं?" तो म्हणाला. "काळ्या ताडपत्रीवर. काळ्यावर काळं मला काय दिसणार? दवाखान्यात जायला लागल्यावर त्या मॅडम पोरीने पांढरा पंचा अंथरायला लावला आणि दिवा बाजूने लावला. शेजाऱ्याची सुकेळी आणून बघितली. काळं तेवढं वेगळं काढलं मी. एक चुकलं नाही."

"मग परत लाव ना केळी. सगळा माल मी घेतो. भाव तू सांग."

आयुष्यात मी हे कुणाला म्हणालो नव्हतो. तो हसला. "बाग आता पोरांची आहे, नाशिककर. मोगरा त्यांना जमतो. आणि माझं वय बघ. कडेने बघ पाहिजे तर."

चौथ्या दिवशी निघालो. तो कोपऱ्यापर्यंत आला. रिक्षा थांबली होती तरी आम्ही समोरासमोर उभे राहिलो. तो माझ्या डावीकडच्या माडाकडे बघत होता, मी त्याच्या कानापलीकडे. रिक्षावाल्याने बाहेर डोकं काढून विचारलं, "काय काका, भांडण झालंय काय दोघांचं?"

"झालेलं," पास्कोल म्हणाला. "सात वर्षांपूर्वी. तेव्हा तू पायजे होतास रे. विचारलंस तरी."

परतीच्या एसटीत मी खिडकीसाठी भांडलो नाही. चार दिवसांत बरंच शिकलो होतो. ताट पांढरं असेल तर वाटी गडद घ्यायची. पायरीला पट्टी लावायची. माल दिव्याखाली, पांढऱ्या कपड्यावर निवडायचा. समोरच्याला आधीच सांगायचं, तुमच्या कानाकडे बघतोय, राग मानू नका. यातलं एकही अवघड नाही. दुकान माझं चालेल. पास्कोलची बाग एका पंच्यावाचून गेली, आणि पंचा मी नेऊन देऊ शकलो असतो, एवढंच मनातून जात नव्हतं.

रात्री घरी पोचलो. बायकोने दार उघडलं. मी तिच्या डोक्यावरच्या तोरणाकडे नजर ठेवली, तेव्हा तिचा चेहरा दिसला. कपाळावर एवढ्या आठ्या कधी पडल्या ते मला माहीत नव्हतं.

"काय म्हणाले वसईचे?" तिने विचारलं.

"पास्कोल भेटला."

"बरा आहे?"

"आहे," मी म्हणालो. "फोन नंबरही तोच आहे."