किनाऱ्यावर दोघी होतो

सकीना गेल्याचं शाळेच्या शिपायानं सांगितलं, तेव्हा मी बिगरीच्या मुलींकडून अक्षरं गिरवून घेत होते. "शिवणाच्या बाई गेल्या की, काल सांजच्याला." मुली रडल्या. मला रडू आलं नाही...

वीस वर्षांपूर्वी, महाराज नुकते गादीवर आले होते त्या दिवसांत, आम्ही दोघी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत लागलो. मी भूगोल शिकवायचे, ती शिवण. दिवाळीच्या सुटीत मी रत्नागिरीकडं बहिणीच्या घरी निघाले, तर सकीना हट्टानं सोबत आली. सासरी मात्र 'पेठ वडगावला खालाकडं जाते' म्हणून सांगून. खरं कळतं तर तिची नोकरीच सुटली असती. "कुणाला बोलायचं न्हाय बघ," तिनं मला बजावलं होतं.

तिथं एका सकाळी, खडकापासून हाकेच्या अंतरावर, ते पाण्यातून वर आले. हत्तीएवढे मासे, काळेकुळकुळीत, डोळ्यामागं पांढरा ठिपका. एकाच्या पाठीवरचा पर माणसाहून उंच. पाच होते. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून. ती बुडाली की तेही बुडे, ती फुसकारली की तेही. जाळं दुरुस्त करणारा म्हातारा कोळी म्हणाला, हे एकाच घरातले. सकीनानं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी फुटली.

परत आल्यावर मला राहवलं नाही, वर्गात सांगितलं. कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली, बाई थापा मारतात. हेडमास्तरांपुढं मी बोलून गेले, "सकीनाला विचारा." तिचं नाव घ्यायला नको होतं, हे तोंडातून गेल्यावर कळलं.

"मी वडगावात होते की," ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती, तर मी समजून घेतलं असतं. पण ती हसली. "हत्तीएवढा मासा कुठं असतोय व्हय?"

माझा भूगोल गेला, बिगरी आली. 'मासेबाई' हे नाव पडलं. ईदला ती शीरखुर्मा पाठवायची, मी वाटी घासून परत करायचे. एक दिवस येऊन बोलेल, म्हणून मी वाट बघत राहिले...

परवा चाळिसाव्याला गेले. तिच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीवर, कोळशानं काढलेले पाच मासे. ठिपके चुन्याचे. पिल्लू आईच्या कुशीला. सगळं बरोबर होतं. किनाऱ्यावर एकच बाई.

"दादीनं काढलंय," तिची नात म्हणाली. "सारखी सांगायची. एकटीच गेलती समुद्रावर."

"बरोबर कोण न्हवतं?"

"न्हाय की." माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "तुमास्नी खरं वाटंना व्हय, बाई?"

"वाटतंय की," मी म्हणाले, आणि सरबत न घेताच उठले.