चांदीआत्याची शाबूत नजर

आपल्याला ठेवून घ्यायला कुणी तयार नाही, हे माणसाला दाराआडून कळू नये. चांदीआत्याला कळलं. त्या दुपारी कारखान्यातली वीज गेली म्हणून ती लवकर घरी आली, तर जिन्यातच दोघा भावांची जुंपलेली ऐकू आली. धाकटा म्हणत होता, तिची जन्माची कमाई तुझ्या घरात मुरली, तर आंधळी झाल्यावर तूच सांभाळ. थोरला म्हणत होता, कडेवर घेऊन तिने तुला मिरवलं, मला नाही. आईमागे दोघांना तिनेच वाढवलं होतं, स्वतःचं लग्न राहू देऊन. पण वाटणीला भांडी सगळ्यांनाच हवी असतात, जातं कुणालाच नको असतं.

भांडण तिच्या डोळ्यांवरून होतं. आत्या आरशांच्या कारखान्यात काचेमागे चांदी चढवायची. धुतलेल्या काचेवर चांदीचं पाणी ओतायचं, वाकून कुठे भोक राहिलं का बघायचं, शिंतोडा उडाला की मनगटाने डोळा पुसायचा आणि पुन्हा ओतायचं. बोटं काळी पडली, ती तिथे सगळ्यांचीच पडायची. पण वर्षं गेली तसे हिचे डोळेही राखी-निळे झाले, शिळ्या माशाचे असावेत तसे. पोरं चांदीआत्या म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. थोरली भावजय तर पाहुण्यांसमोर म्हणायची, "वन्सं, जाताना डोळे तेवढे आमच्या नावावर करून जा. पोरीचे पैंजण होतील." आत्याही हसायची. न हसून सांगते कुणाला?

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने दिवा लावून पाहिलं आणि सांगितलं, बुबुळावरच्या पडद्यात चांदी साचली आहे, ती आता निघायची नाही. पण नजर शाबूत आहे, आंधळ्या होणार नाही. मात्र हे काम सोडा.

आत्या जवळजवळ पळतच घरी आली. आंधळी होणार नाही म्हणजे ओझं नाही, आणि ओझं नाही म्हणजे कुठल्या तरी घरात कोपरा मिळेल, असा तिचा साधा हिशेब. खालच्या मजल्यावरून धाकट्याला वर बोलावून तिने दोघांसमोर सगळं सांगितलं. भावांचे चेहरे उजळले. तिला वाटलं, माया.

"मग आता मी घरी बसू?" तिने विचारलं.

भावजय भाजी निवडता निवडता म्हणाली, "बसा की. पण बसून करणार काय? आरशात बघायचं वय तर गेलं."

धाकट्याला हसू आलं. नजर धड असताना माणूस बसलं की गंजतं, म्हणाला. थोरल्याने मान डोलावली. कित्येक महिन्यांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. झोपायला थोरल्याचा व्हरांडा, जेवायला धाकट्याकडे, आणि सकाळी कारखाना. डॉक्टरचं शेवटचं वाक्य कुणी परत काढलं नाही. तिनेही नाही. भाऊ पुन्हा भांडायला नकोत.

असंच चालत राहिलं. कारखान्यातल्या उग्र वासाने छाती घरघरायला लागली, तरी येताना दोन्ही घरांचं दूध आणायचं काम तिचंच. त्या संध्याकाळीही तिने आणलं. एक पिशवी धाकट्याच्या कडीला अडकवली, कठडा धरत जिना चढली, दुसरी थोरल्याच्या कडीला अडकवली आणि पायरीवर टेकली.

बऱ्याच वेळाने भावजयीने दार उघडलं. पिशवी काढून घेतली, खालून दाबून गळत नाही ना ते पाहिलं. आत्या भिंतीला टेकून होती, डोळे उघडे, छातीची घरघर थांबलेली.

"आज उशीर केलात, वन्सं," ती म्हणाली, आणि दूध तापवायला आत गेली.