टिटवीच्या भरवशावर पेरलेली पट्टी

माझं माहेर सुप्याकडचं, मुरमाड माळावरचं. तिथं पाहुण्याला तांब्याभर पाणी दिलं की तो अर्धं पिऊन अर्धं परत ठेवायचा, आणि अशा माणसाला चांगल्या वळणाचा म्हणायचे. नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी लग्न होऊन मी डाळजला आले. गाडीतून उतरले तर रस्त्यापलीकडं नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. मी नवरी असून तोंडावरचा पदर सारून बघत उभी राहिले आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. आमच्याकडं सुनेनं बघायचं नसतं, बघून घ्यायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

ते पाणी धरणाचं. नदी अडवल्यावर पाणी मागं मागं चढत आलं आणि काठची शेतं, विहिरी, बाभळीची बनं पोटात घालून बसलं. आमच्या घरची जमीनही त्यातच गेली. पण दिवाळी उलटली की धरणाचं पाणी ओसरायला लागतं आणि काठाचा गाळ पट्ट्यापट्ट्यांनी उघडा पडतो. त्या गाळात पेरायचं आणि धरण पुन्हा भरायच्या आत काढून घ्यायचं, ही गाळपेर. सरकारात एकसाली अर्ज करावा लागे, पण कुणी कुठली पट्टी करायची ते गाव आपसात ठरवी. त्यात एक नियम होता. ज्याचं उभं पीक पाण्याखाली गेलं, त्यानं पुन्हा कधी ती पट्टी मागायची नाही. ‘पाण्यानं नेली’ म्हणायचं आणि गप्प राहायचं.

आमची पट्टी सगळ्यांत खालची, म्हणजे सगळ्यांत शेवटी उघडी पडणारी. ती कुणालाच नको असे. माझ्या सासूला मात्र तीच हवी असे, कारण बुडालेल्या आमच्या शेतातला तो तुकडा होता. सासूला मी आत्याबाई म्हणे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माझा नवरा साखर कारखान्यात पाळीवर जाई, त्यामुळे शेत म्हणजे आत्याबाई आणि मी. पाणी मागं सरलं की ती अनवाणी गाळात उतरायची, पायानं चाचपत जायची आणि एका जागी थांबून म्हणायची, “हितं आमचा बांध.” हात घालून बघावं तर खरंच बांधाचे दगड लागायचे.

वरच्या अंगाला सगळा ऊस. काठावर मोटारी बसल्या, पाइप चढले आणि जिथं बाजरी पिकायची तिथं वर्षभर हिरवं दिसू लागलं. उसाला दिलेलं खत पाटाच्या पाण्यासंगं उतरून धरणात यायचं, त्यानं उथळ पाण्यात शेवाळ माजायचं, आणि ते शेवाळ नि त्यातले किडे खायला कुठकुठले पक्षी उतरायचे. हिवाळ्यात उंच पायांचे गुलाबी रोहित रांगा धरून उभे राहायचे. जुन्या माणसांनी नदी होती तेव्हा ते कधी पाहिले नव्हते. माणसानं पाणी अडवलं, ऊस लावला आणि पाखरांनी आपला पत्ता बदलला. उलट ज्या कोल्ह्यांची बनं गेली ते आमच्या शेंगा उकरायला यायचे, आणि आम्ही त्यांना शिव्या द्यायचो. खरं तर त्यांचं घर बुडालं होतं, जसं आमचं शेत बुडालं होतं. पण उकरलेला वाफा बघून इतका विचार कोण करतो?

ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली पट्टी उघडी पडली तेव्हा होळी झालेली होती. इतक्या उशिरा भुईमूग लावायचा तर काढायला आषाढ उजाडणार. आत्याबाई चवळी टाकून मोकळी होणार होती. तेवढ्यात मला पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर टिटवीची चार अंडी दिसली. मातीच्या रंगाची, उघड्यावर, खळगीत.

आणि इथं माझी माहेरची अक्कल जागी झाली. आमच्या माळावर लहान पोरसुद्धा सांगेल की टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दणकून, आणि खोलगटात घातली तर पाऊस उशिरा नि कमी. मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, “आत्याबाई, यंदा श्रावणापातुर पाणी चढत न्हाय. भुईमूगच लावा. न्हाय पिकला तर मला इचारा.” उचलली जीभ लावली टाळ्याला.

वरच्या उसाचे मालक, सगळे त्यांना आबा म्हणत, बांधावर उभे होते. ते हसले. “सुप्याची पाव्हणी पाण्याचं सांगती व्हय? तिच्या गावात तर पाणी फकस्त डोळ्यात.”

मी तापले. चार शब्द तोंडावर आलेही होते, पण आत्याबाईनं माझ्याकडं बघितलं आणि आबांना शांतपणे म्हणाली, “आमी भुईमूग लावतुय.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या शब्दावर शेत लावलं. आम्ही दोघींनी आठ दिवस वाकून दाणे टोकले. अंड्यांभोवती बाजेएवढी जागा आत्याबाईनं तशीच सोडली. “बाळंतिणीला उठवत न्हाईत,” एवढंच म्हणाली. टिटवी मात्र कृतज्ञ वगैरे नव्हती. रोज आमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायची, जणू शेत तिचंच. पुढं पिल्लं निघून गेल्यावर त्या मोकळ्या जागेत मी घागर ठेवू लागले.

गाळाची जमीन काय सांगू! पाच वर्षं शेण घालून जे होत नाही ते एका पुरानं होतं. वेल असे पसरले की खालची माती दिसेना. आषाढ लागला आणि आभाळ कोरडं ठणठणीत. मी गावात मान वर करून हिंडू लागले. टिटवी बोलली तसंच झालं होतं, आमच्याकडं थेंब नव्हता.

रोज सकाळी मी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवून यायचे, सवय म्हणून. एका सकाळी गेले तर तुराटी पाण्यात. म्हटलं, लाट असेल. दुसऱ्या दिवशी दुसरी तुराटी पाण्यात. वर लख्ख ऊन आणि खाली पाणी चढतंय. मला काही केल्या उमगेना. आत्याबाईला ओढत आणलं. ती पाण्यात उतरून तुराटीपाशी गेली आणि म्हणाली, “पोरी, टिटवी खोटं बोलली न्हाय. तिनं हितलं आभाळ सांगितलं. आपलं पाणी हितल्या आभाळाचं हाय कुठं? ते पुण्याच्या वरनं, मावळातनं येतं.”

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. माळावर आभाळ आणि पाणी एकच असतं. इथं माणसानं त्यांची फारकत केली होती, आणि मी मात्र जुनाच हिशेब घेऊन आले होते. हात दाखवून अवलक्षण. जमीन इतकी सपाट की पाणी चार बोटं चढलं तर दहा पावलं पुढं यायचं. एक शेंग उपटून फोडली. टरफल आतून काळसर पडलेलं, म्हणजे दाणा भरला होता. पीक तयार, पण दोघींच्या हातांनी उपटून वर माळावर न्यायला महिना, आणि पाणी तीन दिवसांत येणार. पीक गेलं तर पट्टी गेली. सासूचा तो एकुलता बांध माझ्या जिभेपायी कायमचा जाणार होता. मी तिथंच चिखलात बसले आणि म्हटलं, “मला मारा आत्याबाई.”

“मारायला येळ न्हाय,” ती म्हणाली. “जा, इर्जिक सांगून ये.”

इर्जिक म्हणजे गावानं एखाद्याच्या शेतात फुकट राबायला येणं. ज्याचं शेत त्यानं फक्त जेवू घालायचं. वाटतं तितकं हे आमच्यासाठी साधं नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या आळीनं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या इर्जिकीला माणसं धाडली होती, आमची इर्जिक मात्र गावानं कधी बघितली नव्हती. लोक आले नाहीत तर पीक जाईल हे एक, आणि का आले नाहीत ते उरल्या आयुष्यभर कळत राहील हे दुसरं. मला दुसऱ्याची भीती जास्त होती.

मी आधी आमची आळी केली, मग वरची आळी, आणि शेवटी, जायलाच हवं म्हणून, आबांच्या दारात उभी राहिले. ते दाढी करत होते. मी म्हटलं, “माझं चुकलं. पाणी चढतंय. उद्या इर्जिक हाय.”

आबांनी आरशातूनच विचारलं, “जेवायला काय?”

“चिलापी माशाचं कालवण, भाकरी.”

“तिखट करा,” म्हणाले, आणि वस्तरा पुन्हा गालाला लावला. यावरून ते येणार की थट्टा करतायत ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी पट्टीवर गेले. आमच्या आळीतली चौदा माणसं होती. पाणी शेवटच्या ओळीला लागलं होतं. आम्ही वाकलो आणि उपटायला सुरुवात केली. इतक्यात बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली. बघते तर उसातल्या वाटेनं बैलगाडी, तिच्यामागं आणखी दोन, आणि पहिल्या गाडीवर आबा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. मागनं बायका, पोरी, कोण कोण. मी मोजायचं सोडून दिलं. आबा उतरले ते थेट पाण्याच्या बाजूच्या ओळीला जाऊन वाकले, जिथं चिखल सगळ्यांत जास्त होता.

ओल्या गाळातून वेल असे निघायचे की पाच-सहा झुबके एकदम हाताला यायचे. पुरुष उपटायचे, बायका कवेत घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या, गाड्या वरच्या माळावर रिकाम्या व्हायच्या आणि परत यायच्या. कुणीतरी हलगी आणली होती, ती वाजत राहिली. आम्ही ओळ रिकामी करायचो आणि पाणी मागून त्या ओळीत यायचं. पाण्याबरोबर बगळे चालत यायचे, उपटलेल्या जागेतले किडे टिपत, अगदी आमच्या पायांत. एका म्हातारीनं त्यांनाही हसून दटावलं, “जेवायचं मागनं, आधी उपटा.” अख्खी पट्टी हसली. मला तर इतका आनंद झाला होता की मी एकटीनंच दोन ओळींना हात घातला.

पहिल्या दिवशी अर्धी पट्टी झाली, दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना शेवटचा वेल. तो आत्याबाईनं स्वतः उपटला, घोटाभर पाण्यात उभं राहून. एकही ओळ पाण्याला मिळाली नाही.

दोन्ही दिवस सगळे आमच्या अंगणात जेवले. एका पंगतीत, आमच्या ताटांत. आबांनी कालवण दोनदा मागून घेतलं आणि तिखट कमी पडलं म्हणून तक्रार केली. आत्याबाई वाढताना एकदाही बसली नाही. ती त्या दोन दिवसांत दहा वर्षांनी लहान दिसत होती, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

त्या साली धरण तुडुंब भरलं. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागलं तेव्हा चावडीपुढं पट्ट्यांची वाटणी बसली. बायका कडेला उभ्या. वरच्या पट्ट्या झाल्या, मधल्या झाल्या. मग आबांनी विचारलं, “खालची पट्टी. पीक पाण्याला गेलेलं न्हाय, तवा घराकडंच ऱ्हाईल. कुणाच्या नावानं सांगायची? पोराच्या?”

“न्हाय,” आत्याबाई म्हणाली आणि माझा दंड धरून मला पुढं केलं. “हिच्या.”

कुणीतरी म्हणालं, “आत्या, हिनंच तर चुकीचं सांगितलं हुतं.”

“व्हय. आणि दारोदार जाऊन चुकलं म्हणून सांगितलं,” आत्याबाई म्हणाली. “ह्या गावात कितीजणांनी सांगितलंय?”

आबांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं, माझ्या नवऱ्याची बायको म्हणून नाही, नुसतं माझं. मी तिथं रडले नाही. पुढं होळीला पाणी सरलं तशी गाळात उतरले, अनवाणी, आणि पायानं चाचपत त्या बांधावर जाऊन उभी राहिले.